'आई झाड' पिल्लांना साखर पाठवतं म्हणे!

पाऊस सुरू झाला की हा मजकूर व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर नेमाने उगवतो. वर अंधारात हिरवट चमकणाऱ्या फांदीचा फोटो, खाली साधारण असं: 'जंगलातली सगळी झाडं जमिनीखाली बुरशीच्या धाग्यांनी जोडलेली असतात. हे निसर्गाचं इंटरनेट! आई झाड आपली पिल्लं ओळखतं आणि या जाळ्यातून त्यांना साखर पाठवतं. कीड पडली की झाडं एकमेकांना सावध करतात. विज्ञानाने हे सिद्ध केलं आहे. म्हणून जुनं झाड तोडू नका.'

शेवटच्या वाक्याशी माझं भांडण नाही. आधीच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याशी आहे.

फोटोचं आधी उरकून घेऊ. भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री लाकूड चमकतं हे खरं, पण ती बुरशी मेलेलं, कुजकं लाकूड खाऊन जगते. जिवंत मुळांशी तिचं देणंघेणं नाही. कोकणात-गोव्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्यांचंही तेच. त्यांची भागीदारी वाळवीशी. मजकुरात जिच्याबद्दल बोलायचंय ती मायकोरायझा, म्हणजे झाडाच्या जिवंत मुळांशी भागीदारी करून राहणारी बुरशी. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना हे नाव कृषी सेवा केंद्रातल्या पुड्यांवरून चांगलं ठाऊक आहे.

'विज्ञानाने सिद्ध केलं आहे.' या सगळ्याचं मूळ १९९७ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलेल्या एका प्रयोगात आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी जंगलात बर्च (आपल्या भूर्जाची भावकी) आणि डग्लस फर (सुईसारख्या पानांचं झाड) यांची रोपं शेजारीशेजारी वाढवली. मग रोपांवर पिशव्या चढवून एकाला कार्बन-१३चा, दुसऱ्याला कार्बन-१४चा वायू दिला, म्हणजे कोणाचा कार्बन कुठे गेला ते शोधता यावं. कार्बन दोन्ही बाजूंनी गेला आणि हिशेबाअंती फर फायद्यात राहिलं, सरासरी ६ टक्क्यांनी. प्रयोग सुरेख होता. पण बर्च आणि फर या दोन वेगळ्या जाती आणि दोन्हीकडे रोपंच. यात आई कोण आणि पिल्लू कोण? शिवाय तिथेच सीडरची रोपंही लावली होती. त्यांची बुरशी वेगळ्या प्रकारची, म्हणजे ती या जाळ्यात नव्हतीच. त्यांच्यातही थोडा कार्बन सापडला. तेवढा तरी जाळ्याबाहेरून, मातीतून गेला असणार.

'सगळी झाडं जोडलेली असतात.' याचा सर्वात चांगला पुरावा २०१०चा, तोही ब्रिटिश कोलंबियातलाच. डग्लस फरच्या जंगलातला ३० बाय ३० मीटरचा एक तुकडा घेऊन मुळांवरच्या बुरशीचा डीएनए तपासला, तर एक झाड इतर ४७ झाडांशी 'जोडलेलं' निघालं. इथे जोडलेलं म्हणजे काय, ते बघायला हवं. दोन झाडांच्या मुळांवर एकाच बुरशीचा देह सापडला, एवढंच. मधला धागा त्या घडीला अखंड होता का, हे त्यातून कळत नाही. मातीतले बारके कीटक हे धागे खातात, ते तुटतात, परत वाढतात. असे नकाशे जगातल्या हातावर मोजण्याइतक्या जंगलांचेच झालेत. आणि आपल्या सह्याद्रीतल्या जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या मुळांत बहुतेक दुसऱ्याच प्रकारची बुरशी असते, जी मुळाच्या पेशींच्या आत शिरते आणि जिला छत्र्या येत नाहीत. कॅनडाचा नकाशा उचलून महाबळेश्वरवर ठेवणं त्यामुळेच बरोबर नाही.

'आई पिल्लांना साखर पाठवते.' २०२३मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या संशोधकांनी आजवरचा सगळा पुरावा चाळला. यातल्या जोन्स १९९७च्या त्या प्रयोगाच्या सहलेखिका, त्यामुळे बाहेरच्याने मारलेला हा दगड नव्हे. मोठं झाड जाळ्यातून स्वतःच्याच पिल्लांना झुकतं माप देतं, असं प्रत्यक्ष जंगलात दाखवणारं एकही प्रसिद्ध संशोधन त्यांना मिळालं नाही. कुंडीतल्या रोपांवरचे काही प्रयोग आहेत. पण कुंडीत जंगल मावत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ तर उंच स्प्रूसच्या शेंड्यावर क्रेनने खुणेचा वायू सोडला होता. २०१६च्या त्या निबंधानुसार तो कार्बन शेजारच्या बीच, पाइन, लार्च यांच्या बारीक मुळांत पोचला, पण त्यांच्या खोडात चढला नाही. मला यातून वेगळाच संशय येतो. साखर बुरशीकडे गेली आणि बरीचशी बुरशीनेच ठेवली, असं तर नाही ना? तिला तार समजणं हीच या मजकुराची मोठी चूक आहे. ती व्यापारी आहे. मुळं पोचत नाहीत तिथून फॉस्फरस आणते आणि त्याची किंमत साखरेत वसूल करते.

झाडाचं अन्न बुरशीतून दुसऱ्या वनस्पतीत जातं, याचा जुना आणि पक्का पुरावा हवाच असेल तर मोनोट्रोपाकडे बघा. पानांत हिरवा रंग नसलेल्या या गटातली पांढरीफटक रोपटी हिमालयातही उगवतात. १९६० साली ब्यर्कमान या स्वीडिश संशोधकाने पाइन-स्प्रूसमध्ये किरणोत्सर्गी साखर टोचली आणि ती शेजारच्या मोनोट्रोपात सापडली. बदल्यात ते झाडाला काही देत असल्याचं दिसत नाही. सरळ चोरी! मातृप्रेमाच्या मजकुरात मात्र हिचं नाव नसतं.

'सावध करतात.' पाने कुरतडलेल्या फरपासून पाइनच्या रोपापर्यंत इशारा पोचल्याचं एका प्रयोगात दिसलं, पण हरितगृहात, आणि बुरशीचे धागे जातील पण मुळं नाहीत अशा बारीक जाळीने मुळं वेगळी ठेवली तेव्हा. मुळं मोकळी सोडली, म्हणजे रानात असतात तशी, तेव्हा दिसलं नाही.

राहिलं शेवटचं वाक्य. जुनं झाड राखायला माया लागत नाही. सगळी झाडं एकदम तोडली की साखरेवर जगणारी ही बुरशी उपाशी मरते. चार मोठी झाडं उभी राहिली तर ती त्यांच्या मुळांवर तगते आणि जवळ उगवणाऱ्या रोपांना तिथूनच मिळते. रोप त्या झाडाचं पोर असायची गरज नाही. पोर्तो रिकोत पाइन लावायचे प्रयत्न अनेक वर्षं फसत होते. रोपं उगवत, पिवळी पडत, खुरटत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातून पाइनखालची माती आणून घातली, तेव्हा कुठे ती वाढीला लागली.

तेव्हा रोपवाटिका करत असाल तर पिशव्या भरायच्या मातीत त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची चार मुठी माती मिसळा. देवराईतलं काही बाहेर न्यायचं नाही असा गावचा नियम असेल, तर लगतच्या रानातली घ्या. विकतची पुडी नंतर बघू.