शोपँचे पंधरावे प्रेल्यूड अंगाईगीत नव्हे

‘शोपँने मायोर्का बेटावर पावसाचे थेंब ऐकत हे प्रेल्यूड रचले, त्याला ‘रेनड्रॉप’ असे नाव दिले, आणि ते मन शांत करणारे असल्याने झोपण्यापूर्वी ऐकावे’, असा मजकूर पोलिश संगीतकार शोपँच्या पंधराव्या प्रेल्यूडविषयी, म्हणजे पियानोसाठीच्या एका छोट्या रचनेविषयी, सध्या सर्वत्र फिरतो आहे. पियानो शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो प्रमाण मानून ही रचना आरंभापासून अखेरपर्यंत हळुवार वाजवायचे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

नावाविषयी फार बोलण्याची गरज नाही. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ओपस २८ (म्हणजे कृतिक्रमांक २८) मधील २४ प्रेल्यूड्सपैकी एकालाही शोपँने शीर्षक दिलेले नाही.

‘शांत करणारे’ हे विधान मात्र रचनेच्या मुळावरच उठते. डी फ्लॅट मेजर या स्वरश्रेणीतील सुरुवात हळुवार आहे, एवढे मान्य करावेच लागेल. पण त्यानंतर सी शार्प मायनर ही स्वरश्रेणी येते आणि रचनेचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापते. पियानोवर डी फ्लॅट आणि सी शार्प ही एकच पट्टी असल्याने, आपल्या संगीताच्या परिभाषेत सांगायचे तर षड्ज तोच, पंचमही तोच, पण शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार येतो. डाव्या हातात सतत ऐकू येणारा पंचम आता उजव्या हातात जातो, धून खर्जात उतरते, आणि दबक्या आवाजात सुरू झालेला हा भाग चढत चढत फोर्तिसिमोला, म्हणजे अतिशय मोठ्या आवाजाला, पोचतो, तोही दोनदा. सुरुवातीला आधार देणारा तोच स्वर इथे अक्षरशः पिच्छा पुरवतो. हा भाग मऊ करून वाजवला, तर शेवटी परतणाऱ्या मूळ धुनेतला सुटकेचा भावच नाहीसा होतो.

पावसाची कथा अर्धी खरी आहे. १८३८-३९ च्या हिवाळ्यात शोपँ लेखिका जॉर्ज सांडबरोबर मायोर्कावरील वाल्देमोसाच्या मठात राहिला होता. सांडने आत्मचरित्रात लिहिले आहे की, मुसळधार पावसाच्या एका रात्री ती परतली तेव्हा तो पियानोवर होता. आपण तळ्यात बुडून मेलो आहोत आणि बर्फासारखे थंड, जड थेंब तालात छातीवर पडत आहेत, असा त्याला भास झाला होता. छपरावर पडणाऱ्या खऱ्या थेंबांकडे तिने लक्ष वेधले, तेव्हा ते ऐकल्याचे त्याने साफ नाकारले, आणि संगीतातून बाह्य आवाजाची नक्कल केल्याची कल्पना ऐकून तो चिडलाही. शिवाय ते प्रेल्यूड कोणते, हे सांडने कुठेही सांगितलेले नाही. पंधराव्याप्रमाणेच बी मायनरमधील सहाव्याचेही नाव यासंदर्भात घेतले जाते.