मकोल्यात माझा खटला

कानशील अजून ठणकतंय. जास्तीचे सेडी, म्हणजे घानाचे पैसे, गेले ते वेगळेच.

घानाची राजधानी अक्रा, तिथल्या मकोला बाजारात बायकोसाठी सहा वार वॅक्स प्रिंट, म्हणजे तिकडचं छापील सुती कापड, घ्यायचं होतं, आपल्या साडीइतकंच. "आँटी, ते सो", म्हणजे 'कमी करा', करत भाव उतरवला. कात्री फिरली आणि भाव पुन्हा चढला! मी तुळशीबागेत मुरलेला माणूस. आवाज चढवला.

तेवढ्यात काळा कोट, टाय आणि काखेत झेरॉक्सचा गठ्ठा गर्दीतून पुढे आला. "बॉस, मी बोलू?"

घानाचं लॉ स्कूल या बाजाराला खेटूनच आहे. अक्रात 'मकोल्याला शिकतो' म्हटलं की लोक वकिली समजतात, टोमॅटो नव्हे. म्हटलं, आयता वकील मिळाला. त्यानं 1960 चा करार कायदा काढला, 1962 चा मालविक्री कायदा काढला, आँटीची उलटतपासणी घेतली आणि निकाल दिला, आँटी बरोबर! आधीची म्हणे नुसती बोलणी होती. कात्री लागू दिलीत, तिथे तुमचा होकार आला.

"अहो, पण भाव ठरला होता!"

"साक्षीदार?"

शेजारची मिरचीवाली आभाळाकडे बघू लागली.

इतक्यात मागून "आगो! आगो!", म्हणजे 'बाजूला व्हा', आणि एका हमाल पोरीच्या डोक्यावरच्या परातीची कड माझ्या कानशिलात. "वाटेत उभे होतात. हलगर्जीपणा तुमचा." दुसरा निकाल. उत्तरेकडून आलेल्या या कायायो पोरी दिवसभर ओझी वाहतात. त्यांच्या मजुरीचं कलम काही त्याला आठवलं नाही. कायद्याला बाजारात नेमकं काय दिसतं कोण जाणे. लॉ स्कूल 1958 चं. 1979 मध्ये साठेबाजीच्या नावाखाली सैनिकांनी इथला मुख्य बाजार जमीनदोस्त केला, तेव्हा या बायकांना कुणी विचारलं होतं, "साक्षीदार?"

"कितव्या वर्षाला आहेस रे?" मी खवचटपणे विचारलं.

टाय सैल झाला. लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षाच त्याला पास होता येत नव्हती. 2019 मध्ये 1,820 जण बसले, 128 पास झाले. पोरं रस्त्यावर उतरली तर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले. अन्यायच आहे, मान्य. पण त्याची वसुली माझ्याकडून?

निघताना त्यानं हात पुढे केला. सनद नसताना फी घेणं बेकायदा, म्हणून ही 'भेट'. तिथे मात्र घासाघीस चालली नाही.

घरी मोजलं तर कापड साडेपाच वार भरलं. 1962 च्या कायद्यात यावर कलम असणारच. पण विचारायला गेलो तर पुन्हा भेट द्यावी लागेल.