ते हमिंगबर्डचं पिल्लू नाही

दर काही महिन्यांनी तोच व्हिडिओ नव्या उत्साहाने माझ्या फोनवर येतो. फुलासमोर अधांतरी थबकलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा जीव आणि खाली मजकूर: ‘हमिंगबर्डचं पिल्लू! अर्धा पक्षी, अर्धी मधमाशी. अतिदुर्मिळ. शेपटीत विषारी नांगी, लांब राहा. दहा जणांना पाठवा.’ चार ओळींत इतक्या चुका बसवणं, हे मात्र खरंच दुर्मिळ कसब म्हणायचं. हा आहे दिवसा उडणारा पतंग, म्हणजे फुलपाखराचा भाऊबंद कीटक, हॉकमॉथच्या कुळातला.

आधी ‘पिल्लू’ घेऊ. हमिंगबर्डची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात ती उघडीवाघडी आणि डोळे मिटलेली. तीनेक आठवडे ती घरट्यातच असतात आणि उडायला लागतात तोवर जवळजवळ आईएवढी झालेली असतात. म्हणजे फुलांवर भिरभिरणारं चिमुकलं पिल्लू ही अवस्थाच त्यांच्या आयुष्यात नाही. शिवाय हमिंगबर्ड आज फक्त अमेरिका खंडांत आणि आसपासच्या बेटांवर आढळतात. व्हिडिओ आशिया, युरोप किंवा आफ्रिकेतला असेल, तर वाद तिथेच मिटला. (शिंजीर दाखवून ‘हा बघ हमिंगबर्ड’ म्हणणारेही भेटतात. शिंजीर पक्षी आहे खरा, पण त्याचं कुळ वेगळं, आणि तो बहुतेक वेळा फांदीला धरून बसूनच मध पितो.)

‘अर्धा पक्षी, अर्धी मधमाशी’ हे तर शक्यच नाही. पण नजर फसते हे मान्य, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक १८४८ ते १८५९ ॲमेझॉनच्या खोऱ्यात होता. हमिंगबर्ड समजून त्याने अनेकदा चक्क पतंगावरच गोळी झाडली. उडताना दोघांतला फरक ओळखायला आपल्याला बरेच दिवस लागले, असं त्याने लिहून ठेवलंय. पतंगाचाच पुढे हमिंगबर्ड होतो अशी तिथल्या लोकांची समजूत होती, हेही त्यानेच नोंदवलं. म्हणजे ही अफवा फोनच्या कितीतरी आधीची!

मग हे साम्य येतं कुठून? नळीसारख्या खोल फुलातला मध न बसता प्यायचा, तर हवेत एका जागी स्थिर राहता आलं पाहिजे आणि तोंड लांब हवं. पक्ष्याने ते चोचीने आणि जिभेने साधलं, पतंगाने सोंडेने. युरोपपासून जपानपर्यंत आढळणाऱ्या हमिंगबर्ड हॉकमॉथची सोंड अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पंख सेकंदाला ७०-८० वेळा हलतात. गुणगुण ऐकू येते ती त्यामुळेच. मागचं ‘शेपूट’ म्हणजे केसांसारख्या खवल्यांचा झुपका. डोळ्यात बाहुलीसारखा काळा ठिपका दिसतो, तोही संयुक्त डोळ्याच्या (अनेक बारीक भिंगांनी बनलेल्या डोळ्याच्या) रचनेमुळे होणारा आभास.

मधमाशीचा भाग आला तो पारदर्शक पंखांच्या जातींवरून. त्यांचे पंख कोशातून निघताना खवल्यांनी झाकलेले असतात, पण पहिल्याच उड्डाणात ते खवले झडून जातात आणि उरतात काचेसारखे पंख.

नांगी नसतेच. सोंड मऊ असते, ती कातडीत घुसत नाही. घोटाळा बहुधा अळीमुळे झाला असावा. तिच्या मागच्या टोकाला शिंग असतं, दिसायला उग्र, करत काहीच नाही. ‘शिंगवाली अळी दिसली की ठेचा’ असा सल्लाही फिरतो. अनंताच्या झुडपावर काचपंखी जातीची हिरवी अळी येते आणि झुडूप लहान असेल तर पानांचा फडशा पाडते, हे खरंय. मी दोन-तीन अळ्या मोठ्या झुडपावर हलवतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो. अळ्या ठेचून वर पतंग बघायची हौस बाळगायची, हे जमायचं नाही.

आणि ‘अतिदुर्मिळ’? फुलापाशी तो जेमतेम क्षणभर थांबतो, म्हणून नजरेतून सुटतो, इतकंच. घाणेरी, व्हर्बिना, फ्लॉक्स अशा बारीक नळीच्या फुलांपाशी थोडा वेळ गुपचूप बसा. आज दिसला तर उद्या त्याच सुमारास पुन्हा बघा, आवडत्या ताटव्यावर तो बऱ्याचदा परत येतो. फोनवर स्लो मोशन लावा आणि नंतर चित्र थांबवून डोकं नीट बघा. दोन मिशा दिसतील, कुठल्याही पक्ष्याला त्या नसतात. दोन फुलांच्या मधल्या प्रवासात तो सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळतो. ते टिपता आलं, तर तो व्हिडिओ मात्र मला जरूर पाठवा.