१९१५ चं जेतेपद एव्हर्टननं मैदानावरच जिंकलं

प्रीमिअर लीग पाहणाऱ्या आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: १९१४-१५ चा इंग्लिश फुटबॉल लीगचा मोसम खरं तर रद्दच धरायला हवा. देश महायुद्धात असताना भेकड खेळाडू पगार घेऊन खेळत राहिले. चांगले खेळाडू सैन्यात गेल्यामुळे स्पर्धेत दम उरला नव्हता. सामने आधी ठरवून खेळले गेले आणि त्यातूनच एव्हर्टनला जेतेपद मिळालं. दुसऱ्या आलेल्या ओल्डहॅमचा हक्काचा करंडक पंचांनी आणि लीगनं हिरावून घेतला. पुढं आर्सेनलनं लाच देऊन वरच्या डिव्हिजनमध्ये जागा मिळवली. हे सगळं एका दमात सांगितलेलं असतं आणि खाली लोक हळहळत असतात.

यातली एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे: त्या मोसमात एक सामना ठरवून खेळला गेला. बाकी सगळी इमारत त्या एका खऱ्या विटेवर चढवलेली आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

२ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल. युनायटेडनं सामना २-० जिंकला आणि दोन्ही गोल जॉर्ज अँडरसननं केले. युनायटेडला पेनल्टी मिळाली होती, ती पॅट्रिक ओकॉनेलनं बाहेर मारली. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमचा फटका क्रॉसबारवर आदळला, तर त्याचेच सहकारी त्याच्यावर चिडले. सामन्याआधी बुकींकडे नेमक्या २-० या निकालावर सात-एकच्या भावानं भरपूर पैसे लागले होते. बुकींनी पैसे द्यायला नकार दिला, गवगवा झाला, लीगनं चौकशी बसवली. डिसेंबर १९१५ मध्ये दोन्ही संघांच्या सात खेळाडूंवर आजन्म बंदी आली: युनायटेडचे सँडी टर्नबुल, आर्थर व्हॅली आणि इनॉक वेस्ट, तर लिव्हरपूलचे जॅकी शेल्डन, टॉम मिलर, बॉब पर्सेल आणि टॉम फेअरफुल. अँडरसनचा कटात हात नव्हता. म्हणजे ज्यानं दोन्ही गोल मारले तो त्या दिवशी खरंच जिंकायला खेळत होता. पॅग्नमनं चौकशीत साक्षही दिली.

आता गुणतक्ता समोर ठेवा. त्या काळी विजयाला २ गुण आणि बरोबरीला १. मोसमाच्या शेवटी वर एव्हर्टन ४६ गुणांवर पहिलं आणि ओल्डहॅम ४५ वर दुसरं. तळाशी युनायटेड ३० गुणांवर अठरावं, चेल्सी २९ वर एकोणिसावं आणि टॉटनहॅम २८ वर विसावं, शेवटचं. खालचे दोन संघ पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या डिव्हिजनमधून दुसऱ्यात जाणार होते. युनायटेडनं गुड फ्रायडेचा सामना गमावला असता, तर ते २८ वर थांबले असते आणि चेल्सी वाचलं असतं. अन्याय झाला तो चेल्सीवर, आणि तो खराखुरा अन्याय होता. पण लिव्हरपूल ३७ गुणांवर तक्त्याच्या मधल्या भागात होतं, युनायटेड तळाशी. अव्वल स्थानाच्या शर्यतीत या दोघांपैकी कुणीच नव्हतं. त्या २-० मुळे एव्हर्टनच्या खात्यात अर्धा गुणही वाढला नाही आणि ओल्डहॅमच्या खात्यातून अर्धाही गेला नाही. "फिक्सिंगमुळे एव्हर्टन जिंकलं" असं म्हणणाऱ्यानं त्या सामन्याचे गुण वरच्या दोन संघांपर्यंत कसे पोहोचले, हे एकदा दाखवावं.

ओल्डहॅमच्या बाबतीत मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा मुद्दा जरा सविस्तर. कापडगिरण्यांच्या या गावाचा क्लब लीगमध्ये आला १९०७ मध्ये आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये १९१० मध्ये. पाच वर्षांत तो इंग्लंडचा विजेता होण्याच्या उंबरठ्यावर उभा होता. अशी संधी त्यांना पुन्हा कधीच मिळाली नाही. १९१५ चं दुसरं स्थान हीच आजवरची त्यांची सर्वोत्तम कामगिरी आहे.

हिरावून घेण्याची जी गोष्ट सांगतात ती ३ एप्रिलची, म्हणजे त्या बदनाम सामन्याच्या दुसऱ्याच दिवसाची. ओल्डहॅम मिडल्सब्रोच्या मैदानावर खेळत होतं. उत्तरार्ध सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती आणि मिडल्सब्रो ४-१ नं पुढं होतं. ओल्डहॅमचा फुलबॅक बिली कुक याला पंचांनी बाहेर काढलं. कुक मैदान सोडायलाच तयार होईना. शेवटी पंचांनी सामनाच थांबवला. लीगनं ४-१ हाच निकाल कायम ठेवला, क्लबला ३५० पाउंड दंड केला आणि कुकला वर्षभरासाठी निलंबित केलं.

शिक्षा कडक होती, हे मान्य. पण जेतेपद तिथं गेलं का? अर्ध्या तासाहून थोडा जास्त खेळ उरला होता, ओल्डहॅम तीन गोलनी मागं होतं आणि दहा जणांनिशी खेळणार होतं. समजा त्यांनी चमत्कार करून बरोबरी साधली असती, तर एक गुण मिळून त्यांचे ४६ झाले असते, एव्हर्टनइतकेच. मग निर्णय लागला असता गोल-सरासरीवर, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून. एव्हर्टनचे गोल ७६, खाल्लेले ४७, सरासरी १.६ च्या वर. ओल्डहॅमचे ७० आणि ५६, सरासरी १.२५. म्हणजे बरोबरीनंही काही बदललं नसतं. त्यांना तो सामना थेट जिंकावा लागला असता, १-४ वरून, एक खेळाडू कमी असताना.

खरा घाव बसला तो एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत, घरच्या बाउंडरी पार्कवर. बर्नलीनं ओल्डहॅमला २-१ नं हरवलं, मग लिव्हरपूलनं २-० नं. या दोनपैकी एक जरी सामना जिंकला असता तरी ओल्डहॅमचे ४७ गुण झाले असते. एव्हर्टननं शेवटी ४६ च केले. पंचांचा किंवा लीगच्या समितीचा इथं काही संबंध नाही. बर्नली त्या मोसमात पहिल्या पाचात आलेला दमदार संघ होता. आणि लिव्हरपूलचं नाव पाहून कुणी भुवया उंचावणार असेल, तर एवढं लक्षात घ्यावं की चौकशीत गुड फ्रायडेचाच सामना दोषी ठरला. ओल्डहॅमविरुद्धचा नाही.

एव्हर्टन आपला शेवटचा सामना २६ एप्रिलला घरच्या गुडिसन पार्कवर चेल्सीविरुद्ध खेळलं आणि तो २-२ सुटला. चेल्सी दोनच दिवस आधी एफए कपची (लीगहून वेगळ्या, बाद पद्धतीच्या स्पर्धेची) फायनल शेफील्ड युनायटेडकडून ३-० नं हरून आलं होतं आणि लीगमध्ये बुडत होतं, तरीही त्यांनी एक गुण काढला. फुकटात करंडक वाटायचा असता, तर हा सामना असा झाला नसता.

"४६ गुणांचा कसला विजेता?" असाही एक उपआरोप आहे. ३८ सामन्यांचा मोसम १९०५-०६ मध्ये सुरू झाला, त्यानंतरच्या विजेत्यांमध्ये हे सर्वांत कमी गुण होते हे खरं. आदल्या वर्षी ब्लॅकबर्ननं ५१ गुण घेतले होते. पण गुण कमी का पडले ते पाहा. ब्लॅकबर्न, बर्नली, मँचेस्टर सिटी, शेफील्ड युनायटेड आणि शेफील्डचाच द वेन्स्डे असे पाच संघ ४३ गुणांवर एकत्र होते. पहिल्या आणि सातव्या क्रमांकात फरक फक्त ३ गुणांचा! तक्ता इतका दाटीवाटीचा असताना कुणीच फार पुढं पळू शकत नाही. जो मोसम एरवी आपण "काय चुरस होती" म्हणून आठवत राहिलो असतो, त्यालाच इथं कमअस्सल ठरवलं जातंय. शिवाय आजच्या ३ गुणांच्या पद्धतीनं मोजलं तर एव्हर्टनचे ६५ होतात आणि ओल्डहॅमचे ६२. अंतर वाढतं, कमी होत नाही.

आणि हा संघ बघा तरी! सेंटर-फॉरवर्ड बॉबी पार्करनं एकट्यानं पस्तीसच्या आसपास गोल केले, लीगमध्ये सर्वाधिक. ऑक्टोबरमध्ये एव्हर्टननं लिव्हरपूलला त्यांच्याच अ‍ॅनफिल्डवर ५-० नं धुतलं. सण्डरलंडला घरी ७-१ नं. या संघानं परक्या मैदानांवर ११ सामने जिंकले आणि घरी फक्त ८, असा विजेता क्वचित दिसतो. एफए कपमध्येही ते सेमीफायनलपर्यंत गेले आणि तिथं चेल्सीकडून हरले, नाहीतर एकाच वर्षी दोन्ही करंडकांची आशा होती. हाफ-बॅकच्या जागी हॅरी मेकपीस होता. क्रिकेटवेड्या मराठी वाचकांना हे नाव आवडेल: फुटबॉल आणि क्रिकेट दोन्हींत इंग्लंडकडून खेळलेला हा माणूस पुढं १९२०-२१ च्या दौऱ्यात, वयाच्या चाळिशीला टेकलेला असताना, मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी शतक ठोकून आला.

युद्धाच्या आरोपात एक विसंगती आहे, ती आधी दाखवतो. खेळाडू भेकडपणे घरी राहिले असं एका ओळीत म्हणायचं आणि पुढच्या ओळीत चांगले खेळाडू सगळे सैन्यात गेले असं म्हणायचं. दोन्ही एकदम खरं कसं असेल? वस्तुस्थिती मधली होती. सक्तीची भरती जानेवारी १९१६ च्या कायद्यानं आली. १९१४-१५ मध्ये सैन्यात जाणं ऐच्छिक होतं आणि व्यावसायिक खेळाडू क्लबशी मोसमाच्या करारानं बांधलेले होते. १५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा झाली आणि मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन, म्हणजे "फुटबॉल बटालियन", उभी राहिली. त्याच दिवशी तीसहून अधिक खेळाडूंनी नाव नोंदवलं. त्यांना शनिवारी आपापल्या क्लबसाठी खेळायची रजा मिळे. म्हणूनच मोसमभर संघ बऱ्यापैकी शाबूत राहिले. दुसऱ्या डिव्हिजनमधल्या क्लॅप्टन ओरिएंटचे तर दहा खेळाडू एकाच वेळी भरती झाले. त्यांच्यातले रिचर्ड मॅकफॅडन, विल्यम जोनास आणि जॉर्ज स्कॉट हे तिघं फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या काळात प्राणाला मुकले.

भरतीचा वेग सैन्याला पुरेसा वाटला नाही, हेही खरं आहे. मार्च १९१५ मध्ये बटालियनच्या प्रमुखानंच तशी जाहीर तक्रार केली. ती नाकारायचं कारण नाही. पण प्रश्न असा की दगड फक्त फुटबॉललाच का मारले गेले? त्याच मार्चमध्ये गुडिसनपासून जवळच असलेल्या एन्ट्री या ठिकाणी ग्रँड नॅशनलची घोड्यांची शर्यत थाटात झाली. घोड्यांच्या शर्यतींवर मोठा चाप बसला तो मे महिन्यात, म्हणजे फुटबॉलचा मोसम संपल्यावर. रग्बी युनियन लगेच थांबलं याचं कौतुक होतं, पण तिथं खेळण्याचा पगारच नव्हता, पोटावर पाय येणार नव्हता. फुटबॉलर हा बहुतेक गिरणीतल्या किंवा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. आठवड्याला जास्तीत जास्त ५ पाउंड मिळवणारा, आणि त्या मोसमात तर त्याच्या पगारातही कपात झाली. त्याच्यावर वर्तमानपत्रांतून जे तुटून पडले त्यांत शिकलेली, सुस्थितीतली मंडळी पुढं होती. शंभर वर्षांनी आपण त्यांचीच भाषा जशीच्या तशी उचलतो, याची मला चीड येते. बॉबी पार्कर युद्धातून परतला तो पाठीत गोळी घेऊन. नंतर तो पूर्वीसारखा कधीच खेळू शकला नाही. बंदी घातलेला सँडी टर्नबुलही मे १९१७ मध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. यांना भेकड म्हणण्याआधी थोडं थांबावं.

राहता राहिलं आर्सेनल. त्याचा एव्हर्टनच्या जेतेपदाशी काडीचा संबंध नाही, तरी मजकुरात आहे म्हणून थोडक्यात. मार्च १९१९ मध्ये लीगनं पहिला डिव्हिजन २० वरून २२ संघांचा केला. डर्बी आणि प्रेस्टन दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आले, चेल्सीला कायम ठेवलं आणि उरलेल्या एका जागेसाठी क्लबांनी मतदान केलं. आर्सेनलला १८ मतं पडली, टॉटनहॅमला ८, बाकीची बार्न्सली, वुल्व्ज आणि इतरांत वाटली गेली. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आर्सेनलच्या वर असलेले संघ असताना ही निवड न्याय्य नव्हती, असं माझंही मत आहे. आर्सेनलचे अध्यक्ष हेन्री नॉरिस यांनी जोरदार जुळवाजुळव केली असणार, यातही मला शंका नाही. पण लाच दिल्याचा पुरावा आजवर कुणी पुढं आणलेला नाही, आणि ज्याला लाच म्हणायची असेल त्यानं तो आणावा. टॉटनहॅमनं पुढच्याच मोसमात दुसरा डिव्हिजन जिंकून वरची जागा परत मिळवली.

मोसम रद्द धरावा ही मागणी खुद्द त्या वेळच्या लीगनंही मान्य केली नव्हती. चौकशी पूर्ण झाल्यावरसुद्धा गुड फ्रायडेच्या सामन्याचा निकाल बदलला नाही, शिक्षा झाली ती माणसांना. चेल्सीची भरपाई १९१९ मध्ये जागा कायम ठेवून केली गेली. इनॉक वेस्ट आपण निर्दोष आहोत म्हणत कोर्टात गेला आणि हरला. त्याच्यावरची बंदी उठली ती १९४५ मध्ये, तो साठीला आल्यावर. आणि एव्हर्टनचं नाव विजेत्यांच्या यादीत १८९०-९१ नंतर दुसऱ्यांदा कोरलं गेलं. त्यानंतर चार मोसम लीग झालीच नाही, म्हणून १९२० मध्ये वेस्ट ब्रॉमिच अल्बियन जिंकेपर्यंत ते गतविजेते राहिले.