निकाहात अट घातली की घर मोडतं म्हणे!

आज घरातल्या एका निकाहाच्या बोलणीत मुलीनं तलाक-ए-तफवीज लिहून मागितली, म्हणजे ठरलेली अट मोडली तर स्वतः तलाक घेण्याचा, नवऱ्यानं बायकोला दिलेला अधिकार. एक चाचा म्हणाले, "बेटी, निकाह करायचाय की आत्तापासूनच तलाकची तयारी?" सगळे हसले. माझं डोकं तेव्हापासून ठणकतंय.

नवऱ्यानं बायकोला द्यायचा मेहर किती, त्यातला आत्ता किती आणि नंतर किती, यावर तासभर घासाघीस चालते, त्यात कुणाला अपशकुन दिसत नाही. मुलीनं एक ओळ मागितली की लगेच अविश्वास!

आमच्या आपाच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या वेळी सगळं तोंडी ठरलं होतं. ती शिकवायचं सोडणार नाही, सासरचे म्हणाले इन्शाअल्लाह, विषय मिटला. मग नोकरी सुटली, पुढे दुसऱ्या निकाहाची भाषा सुरू झाली. शेवटी आपानं खुला, म्हणजे बायकोच्या मागणीवरून होणारा तलाक मागितला. त्याला आपल्या हनफी रीतीनं नवऱ्याचा होकार हवा, आणि त्या होकाराची किंमत होती उरलेला मेहर. तफवीज लिहिलेली असती, तर अट मोडल्यावर तिनं स्वतः तलाक घेतला असता आणि मेहरही तिचाच राहिला असता.

ही काही आजच्या पोरींची टूम नाही. ज्या अटींवर निकाह होतो त्या सगळ्यात आधी पाळाव्यात, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बुखारी या हदीससंग्रहात आहे. हंबली फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्याच्या एका पंथात, 'दुसरी बायको करणार नाही' ही अट नवऱ्यानं मोडली, तर बायको निकाह रद्द करून घेऊ शकते. ट्युनिशियातल्या कैरवानमध्ये शतकानुशतकं अशी अट निकाहनाम्यात लिहीत आले. मोरोक्कोच्या 2004 च्या कायद्यात तर बायकोनं अशी अट घातली असेल, तर नवऱ्याला दुसरं लग्न करताच येत नाही. आपल्या हनफी पंथात नुसती अट तशी बांधत नाही, मान्य. म्हणून तर तिला तफवीज जोडायची! पाकिस्तानच्या छापील निकाहनाम्यात 18 वा रकाना त्याचाच आहे, आणि तिथेही पुष्कळदा मुलीला न विचारताच त्यावर रेघ मारतात. रेघ मारणारे हात कुणाचे, ते सांगायला नको.

हो, कागदानं प्रेम येत नाही. अवाच्या सवा मेहर लावला की नवरा सोडतही नाही आणि नांदवतही नाही, हेही पाहिलंय. बरं, मग?

आपाचा खुला लांबला, तेव्हा तिची मुलगी दाराआड उभी राहून ऐकायची. नवऱ्याकडचे म्हणायचे, मेहर सोड, पोरीचा खर्च मागू नकोस, मग बघू. स्वतःच्या खर्चाचा सौदा त्या लेकरानं ऐकला. घर मोडतं ते असं. त्या पोरीबद्दल लिहिताना आता राग येत नाही, नुसतं भरून येतं.

ज्यांच्या घरी बोलणी चालू आहेत त्यांनी 'चांगलं वागवीन' असलं मोघम काही लिहून घेऊ नका. काय घडलं की अधिकार मुलीकडे येईल, ते स्पष्ट लिहा, गवाहांच्या सह्या घ्या. आणि निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या ताब्यात असू द्या, सासरच्या कपाटात नको.