औषध हवं ते गुलाबीच!

मुलाला ताप आला आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की घराजवळच्या मेडिकलवर जावं आणि एकच प्रश्न विचारावा, "भिया, स्ट्रॉबेरीवाली है क्या?" पाच मिलीत औषध किती, बाटली ड्रॉप्सची की सिरपची, असल्या चौकशीत दुकानदाराचा वेळ खाऊ नये. पोह्यांवर कोणती शेव पडणार याची चौकशी आपण इंदूरकर जरूर करतो, पण ती खाण्याची गोष्ट झाली. औषध काय, नुसतं पोटात जायचं असतं.

रंग निवडताना मात्र हयगय नको. गुलाबी-लाल म्हणजे स्ट्रॉबेरी किंवा रासबेरी. त्यात बहुधा कार्मोइसिन नाहीतर पॉन्सो फोर आर हा कृत्रिम रंग. केशरी म्हणजे संत्रं. त्यात सनसेट यलो. पिवळं म्हणजे अननस नाहीतर आंबा, त्यात टार्ट्राझिन. फळ कुठल्याच बाटलीत शोधू नये. पॅरासिटामोल मुळात पांढरं आणि कडू असतं. त्याला गुलाबी केल्याने ताप अर्धा अंशही जास्त उतरत नाही, आणि कडूपणाही जात नाही. तो झाकण्याचं काम साखर आणि वास करतात. रंगाचं काम वेगळं. प्रत्येक बॅच सारखी दिसावी, ठेवून ठेवून औषध जरा पिवळटलं तर ते कळू नये आणि आईला बाटली बघून बरं वाटावं. तेव्हा रंग तुमच्यासाठी आहे, मुलाने तो फक्त प्यायचा.

लेबल वाचू नये. वाचायचीच खोड असेल तर चष्मा लावा, कारण रंगाचं नाव मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतं. औषधांत कोणते रंग चालतील याची यादी 1945 च्या औषध नियमांत, नियम 127 मध्ये आहे, आणि घातलेल्या रंगाचं नाव लेबलावर द्यावं लागतं. म्हणून "प्रत्येक 5 मिलीत" असं लिहिलेल्या मजकुराच्या तळाशी "कलर : सनसेट यलो एफसीएफ" अशी ओळ सापडते. तिच्या शेजारी "फ्लेवर्ड सिरपी बेस क्यू. एस." असं असतं, म्हणजे बाकीचं लागेल तेवढं. या "लागेल तेवढं"मध्ये साखर, सॉर्बिटॉल, ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सोडियम बेंझोएट, पॅराबेन यांपैकी कोण कोण वस्तीला आहे, हे बहुतेक बाटल्या सांगत नाहीत. भाडेकरूंची नावं विचारणं बरं दिसत नाही.

तरी थोडी ओळख. औषधशाळेतला साधा पाक वजनाने 66.7 टक्के साखरेचा असतो. त्याच्या 5 मिलीत चार ग्रॅमहून जास्त साखर भरते. एवढ्या दाट पाकात जंतू वाढत नाहीत. पाक पातळ केला किंवा साखर काढली की परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारा पदार्थ, घालावा लागतो. सोडियम बेंझोएट आंबट द्रवातच नीट काम करतं. पॅराबेनची जुनी ठरलेली जोडी मिथाइल 0.18 टक्के आणि प्रोपिल 0.02 टक्के. म्हणून "शुगर फ्री" वाचून हुरळून जावं. त्यात साखरेऐवजी गोडीला घातलेलं सॉर्बिटॉल जास्त झालं की मुलाचं पोट फुगतं, जुलाब होतात, आणि त्याचा ठपका "दात येतायत" यावर ठेवता येतो. साखरेचं सिरप असेल तर ते रात्री दात घासून झाल्यावर द्यावं. दातांच्या डॉक्टरांनाही पोट आहे.

आता मूळ मुद्दा. औषध सुरू झाल्यापासून मूल पलंगावरून खिडकीत आणि खिडकीतून पलंगावर उड्या मारतंय. आजी म्हणतात, "अंगात आलंय." तुम्ही म्हणा, "बरं वाटतंय त्याला." रंगाने मूल चुळबुळं होतं असा संशय घेऊ नका, कारण 2007 साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या मंडळींनी तो घेतला आणि रंगाचा बेरंग केला. तीन वर्षांची 153 आणि आठ-नऊ वर्षांची 144 मुलं त्यांनी घेतली. काही आठवडे रंगीत मिश्रण घातलेलं पेय, काही आठवडे दिसायला-चवीला तसंच पण मिश्रणाविना. कोणत्या आठवड्यात काय आहे, हे ना मुलांना ठाऊक, ना आईबापांना, ना नोंद करणाऱ्यांना. लहानांच्या एका मिश्रणात रोजचे 20 मिलिग्रॅम रंग होते : टार्ट्राझिन 7.5, सनसेट यलो 5, पॉन्सो फोर आर 5 आणि कार्मोइसिन 2.5. सोबत 45 मिलिग्रॅम सोडियम बेंझोएट. सरासरीने मुलांची चुळबुळ वाढली. वाढ लहान होती, आणि मुलामुलांत फरक मोठा : एकावर काही नाही, दुसरा छताला. रंग आणि बेंझोएट एकत्रच दिल्यामुळे नेमका दोषी कोण ते ठरलं नाही. पुढे 2010 साली त्याच गटाने दाखवलं की शरीरात हिस्टामीन मोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकातल्या फरकाशी या चुळबुळीचा संबंध लागतो. म्हणजे शेजारच्या काकूंचा नातू तेच सिरप पिऊन मुकाट बसतो, हा पुरावा आपल्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. तो अवश्य पुढे करावा.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हा पुरावा मर्यादित म्हटला. तरीही 20 जुलै 2010 पासून तिथे या अभ्यासातल्या दोन मिश्रणांत मिळून असलेल्या सहा रंगांपैकी एकही खाण्याच्या वस्तूत असेल तर "मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो" असं छापावं लागतं. गंमत पुढेच आहे. हा नियम खाऊचा, औषधाचा नाही. तोच सनसेट यलो तिथल्या सिरपात गेला की माहितीपत्रकात ॲलर्जीची सूचना येते, चुळबुळीची नाही. गोळी-चॉकलेटमधून आलेला रंग मुलाला नाचवतो आणि चमच्यातून आलेला शहाण्यासारखा बसतो, असं समजून चालावं.

एक हिशेब आहे, पण तो व्हॉट्सॲपवर पुढे पाठवू नका, लोक नाराज होतील. सिरपाला रंग फार थोडा लागतो. 100 मिलीच्या बाटलीत काही मिलिग्रॅम. म्हणजे पाच मिलीच्या मात्रेत एक मिलिग्रॅमही भरत नाही. उलट आपल्याकडे बहुतेक खाद्यपदार्थांत कृत्रिम रंगाची मर्यादा किलोला 100 मिलिग्रॅम आहे, तेव्हा मर्यादेत राहून रंगवलेला 200 ग्रॅम खाऊ म्हणजे साउदॅम्प्टनचे 20 मिलिग्रॅम पुरे. मर्यादा न पाळणाऱ्याचं तर विचारूच नका. म्हणून एकट्या सिरपावर आळ घालणं कठीण जातं. त्यासाठी मूल आजारी असताना ताप, खोकला आणि सर्दी यांच्या तीन बाटल्या, वर "तोंडाला चव यावी" म्हणून केशरी सरबत, आणि ताप उतरल्याच्या आनंदात सराफ्यात बर्फाचा गोळा, असा सगळा बंदोबस्त करावा. मग पुढचे दोन दिवस रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवणारी मिरवणूक, राजवाड्यावर न जाता घरातच बघायला मिळते.

मुख्य म्हणजे औषधातल्या औषधाकडे अजिबात बघू नका. सर्दीच्या सिरपातलं क्लोरफेनिरामिन मोठ्यांना झोप आणतं. काही मुलांना मात्र उलट चेव चढवतं. इंदूरहून पुण्याला निघालेल्या रात्रीच्या बसमध्ये "शांत झोपेल" म्हणून ते पाजावं, म्हणजे बिजासन घाटापासून धुळ्यापर्यंत सगळी बस जागी राहते. क्लोरफेनिरामिनची नाक मोकळं करणाऱ्या फिनाइलेफ्रिनबरोबरची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलावर छापण्याचा आदेश देशाच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. तो कंपन्यांसाठी होता, आपल्यासाठी थोडाच? धाप लागली की मिळणाऱ्या साल्ब्युटामॉल सिरपाने हात थरथरतात, छाती धडधडते, मूल एका जागी ठरत नाही. मॉन्टेलुकास्ट तर सर्दी-ॲलर्जीच्या मुलांना सर्रास मिळतं. वाईट स्वप्नं, चिडचिड, आक्रमकपणा यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च 2020 मध्ये त्यावर आपला सर्वांत कडक, चौकटीतला इशारा लावला. पण ही नावं लांबलचक आहेत. त्यापेक्षा "टार्ट्राझिन"वर खापर फोडावं, ते रीलमध्ये बसतं.

मात्रा डोळ्यांनी मोजावी. 12 किलोच्या मुलाला पॅरासिटामोल किलोमागे 15 मिलिग्रॅमने एका वेळी 180 मिलिग्रॅम होतं. पाच मिलीत 120 मिलिग्रॅमच्या बाटलीतून ते 7.5 मिली, 250 च्या बाटलीतून 3.6 मिली आणि मिलीत 100 मिलिग्रॅमच्या ड्रॉप्समधून 1.8 मिली. तिन्ही बाटल्या गुलाबी, तिन्हींवर हसरं बाळ. मागच्या वेळचे साडेसात मिली लक्षात ठेवावेत आणि या वेळी हातात ड्रॉप्स आल्या तरी तेवढेच द्यावेत : 750 मिलिग्रॅम, चौपटीहून जास्त. दिवसातून चारदा असंच केलं तर मुलाच्या यकृताशी गाठ आहे. सर्दीच्या बाटलीतही पॅरासिटामोल असू शकतं, तेही न बघता वर द्यावं. झाकणाबरोबर आलेली मापाची डबी हरवावी आणि घरातला चमचा घ्यावा. तो सासूबाईंच्या काळातला असला तर उत्तम, कारण त्यात पाच मिली मावतात की सात, हे सासूबाईही सांगू शकत नाहीत. बाटली हलवू नये. सस्पेन्शनमधलं औषध तळाला बसलं की पहिले दोन दिवस "गुण येत नाही" आणि शेवटच्या चमच्यांत सगळा गुण एकदम येतो.

एवढं करूनही रंगाची शंका राहिली तर शहानिशा कधीही पद्धतशीर करू नये. म्हणजे मात्रेची वेळ, मिली, बॅच नंबर, ताप आणि झोप एका वहीत लिहू नये. बालरोगतज्ज्ञांना विचारून तेच औषध, त्याच ताकदीचं, बिनरंगाचं किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळीचं घेऊ नये. मिळतात ती, दवा बाजारात तर नक्कीच, पण शोधावी लागतात. आणि कोणत्या दिवशी कोणती बाटली हे मुलावर नजर ठेवणाऱ्यापासून लपवू नये. या शेवटच्या गोष्टीला कारण आहे. 1994 मध्ये अमेरिकेत काही आयांना सांगितलं गेलं की तुमच्या मुलाला आत्ता साखर दिली आहे. दिलं होतं सगळ्यांना ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडीचं पेय, साखरेचा कणही नव्हता. त्या आयांना आपापली मुलं जास्त हुंदडताना दिसली, आणि त्या स्वतःच मुलांवर जास्त टीका करत, जास्त जवळ घुटमळत राहिल्या. आपला बाब्या असा नाही, हे अर्थात आपण जाणतोच.

बिल मागू नये. बिलावर बॅच नंबर असतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे, खोकल्याच्या सिरपाने मूत्रपिंडं निकामी होऊन 20 हून अधिक मुलं गेली. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या बॅचमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. चालतं ते 0.1 टक्क्यापर्यंत. ते बिनरंगाचं आणि गोडसर असतं. बघून, हुंगून, चाखून घरी कुणालाही कळत नाही. अमेरिकेत 1937 मध्ये याच द्रवात विरघळवलेलं, रासबेरीच्या चवीचं सल्फा औषध पिऊन 100 हून अधिक माणसं मेली होती आणि पुढच्याच वर्षी तिथला औषध कायदा बदलला. सिरप चालू असताना उलट्या लागल्या, लघवी कमी झाली किंवा थांबली, तर बाटली हातात घेऊन तडक मोठ्या रुग्णालयात जायचं असतं. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपं लिहूच नयेत आणि पाचाखाली सहसा देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच ऑक्टोबरात पुन्हा कळवलं. औषधाचा वाईट परिणाम कळवायला 1800-180-3024 हा फुकटचा नंबर आहे आणि तो कुणीही लावू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही.

फुकट म्हटल्यावर त्याला किंमत कोण देणार? तो नंबर राहू द्या आणि उरलेल्या बाटल्यांची सोय लावा. पावडरीचं अँटिबायोटिक सिरप उकळून थंड केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून करतात आणि फ्रिजमध्ये ठेवून साधारण सात दिवसांत संपवतात, ही झाली लेबलाची अरेरावी. तुम्ही नळाचं पाणी खुणेच्या वर बोटभर घाला, म्हणजे जास्त दिवस पुरेल. महिन्याने तळाशी जे घट्ट गुलाबी उरेल ते वरच्या मजल्यावरच्या वहिनींना द्या. त्यांच्या धाकट्यालाही सर्दीच आहे म्हणतात; वजन किती, ते काही विचारत बसू नका.