एटनावरची काटेरी झुडपं आणि आपले सडे

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इकोसेन्सिटिव्हचा वाद परत पेटलाय, पश्चिम घाटातली गावं पर्यावरणदृष्ट्या जपायच्या यादीत घालणाऱ्या केंद्राच्या जुलै २०२४ च्या मसुद्यावरून. एकाचं म्हणणं गाव यादीत गेलं की गोठा बांधायची पण चोरी, दुसरा म्हणतो सरसकट सगळं बंद करा तरच घाट वाचेल. मी इटलीत, सिसिली बेटावर कातानियाला राहतो, एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी, आणि मला दोघांचंही पटत नाही.

एटनाचा संरक्षित पार्क १९८७ चा, साधारण ५९ हजार हेक्टर, पण त्यात चार झोन आहेत. सगळ्यात वरचा, १९ हजार हेक्टरच्या आसपासचा, पूर्ण राखीव, त्याच्या खाली लोकांची छोटी छोटी शेतं, आणखी खाली हॉटेलं वगैरे. कुणाला गाव सोडावं लागलं नाही. वरच्या काळ्या राखेत बघाल तर काही नाही असंच वाटतं, पण तिथं स्पिनो सांतो नावाचं गोल उशीसारखं काटेरी झुडूप आहे, जगात फक्त एटनावर, आणि त्याच्या काट्यांच्या आडोशाला एटनाचीच व्हायोलेट फुलते, वाऱ्यापासून आणि बकऱ्यांपासून वाचून. १८६५ च्या उद्रेकात तयार झालेल्या सार्तोरियस टेकड्यांवर पांढऱ्या सालीचे बर्च उभे आहेत, तेही इथलेच. इथं सगळं छान चाललंय असं अजिबात नाही, जुलै २०२३ मध्ये सिसिलीत वणव्यांनी हाहाकार केला होता. पण ओसाड दिसते म्हणून जमीन फुकट गेलीय असं इथं कुणी धरत नाही.

आपला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळ पठार, पण असाच की! लाव्हाचाच दगड, वर जांभा, वीतभर पण माती नाही, पावसात पाणी साचतं आणि मे महिन्यात तवा तापतो, म्हणून तर कंदीलपुष्पाच्या काही जाती सह्याद्री सोडून कुठंच नाहीत. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं म्हणून त्याचं कौतुक, बाकी कोकणातल्या सड्यांवर चिरेखाणी बिनधास्त चालू.

मसुद्याची खरी अडचण म्हणजे अख्खं गाव हे एकच युनिट, म्हणजे वाडी, भातशेती, सडा सगळं एकाच मापात, मग लोक बिथरणारच. पश्चिम घाटासाठी केंद्रानं नेमलेल्या गाडगीळ समितीनं २०११ मध्येच तीन दर्जाचे झोन आणि ग्रामसभेला विचारून ठरवा असं सांगितलं होतं, ते तेव्हाच बाजूला टाकलं. आता निदान आपल्या ग्रामसभेनं सप्टेंबरात, फुलं असताना, कॉलेजातल्या बॉटनीवाल्यांना घेऊन सडा पायी फिरावा, कुठला तुकडा हात न लावता ठेवायचा आणि कुठं गोठा, घर, खाण चालेल ते सर्व्हे नंबरसकट नकाशावर काढावं आणि तो ठराव कलेक्टरकडे द्यावा. सुट्टी घेऊन यायची माझी तयारी आहे.